आधीच टाइप केलेला निकाल

मी एक गोष्ट आजवर कोणाला सांगितलेली नाही. कोर्टात लघुलेखक होते तेव्हा पोटगीच्या निकालाचं शेवटचं पान मी साहेबांनी सांगायच्या आधीच टाइप करून ठेवत असे. एकदा-दोनदा नव्हे, चांगली चार वर्षं. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

त्यात लबाडी नव्हती, सवय होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं स्वतःसाठी आणि मुलांसाठी पोटगी मागितली की निकाल काय येणार, हे आमच्याकडे शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं. नवऱ्याकडे पगाराची चिठ्ठी नसली की त्याला मजूर धरायचं, मजुराची रोजी धरायची, आणि बायकोला अमुक, मुलाला पाचशे. मूल तान्हं असो की दहावीला, पाचशे. साहेब आधीची पानं सांगत आणि शेवटाला आले की म्हणत, "पुढे नेहमीप्रमाणे." एवढे दोन शब्द ऐकले की मी टेबलाच्या खणातून तयार पान काढून जोडायची. एका निकालामागे वीस मिनिटं वाचत. मला माझ्या वेगाचा भारी अभिमान होता.

कायद्यात पोटगीला वरची मर्यादा होती तोवर हे खपून जायचं. मग दोन हजार एकच्या सुमारास ती मर्यादाच उठली. वकिलांच्या खोलीत दोन दिवस चहावर चहा झाले, तावातावानं चर्चा झाल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पाचशे. भांड्यावरचं झाकण काढलं, पण आत भात तेवढाच. मीही माझ्या खणातली पानं बदलली नाहीत.

त्याच सुमारास आमच्याकडे नवे साहेब बदलून आले. देशावरचे होते. बोलायला शांत आणि कामाला सावकाश. साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारायचे, उत्तर नीट कळलं नाही तर पुन्हा विचारायचे. मला रागच यायचा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमची आई म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. हे साहेब असेच राहिले तर माझी संध्याकाळची मांडवीच्या जेटीवरची फेरी कायमची बुडणार, असं मी घरी बोलून दाखवायची. तेव्हा आम्ही मांडवीलाच राहत होतो.

अशाच एका पोटगीच्या तारखेला ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. पाच-सहा वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिची आई मागे बाकावर बसली होती. ती बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायची आणि बर्फात हात घालून घालून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी टाइप करत होते. माझं मशीन जुनं, लोखंडी. त्याचा खडखडाट असा की नवे वकील पहिल्या दिवशी दचकायचे, आणि ओळ संपत आली की वर घंटा. ही पोरगी आली आणि माझ्या टेबलावर दोन्ही पंजे पसरून उभी राहिली.

हात काढ गं, असं मी म्हटलं. ढिम्म. मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं. ती माझ्याकडे बघून हसली, हात तिथेच. मग मी अशी खेकसले की बाहेरचे दोन पक्षकार आत डोकावले, पण तिच्या पापणीची उघडझापसुद्धा झाली नाही. काय आगाऊ कार्टी आहे, असं माझ्या मनात आलं.

तिची आई धावत आली. "तिला ऐकू येत नाय, ताई. टेबल थरथरतं ना, ते तिच्या हाताला लागतं. म्हणून उभी ऱ्हाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकले म्हणायला हवं होतं, ते सोडून मी मशीनवर एक कोरा कागद चढवला आणि एक अख्खी ओळ नुसता 'क' बडवत गेले. घंटा वाजली, ती तिला कळली नाही. मग मी रोलर जोरात परत ढकलला, त्याचा दणका टेबलाला बसला आणि पोरगी खुदकन हसली. तेव्हापासून प्रत्येक तारखेला आमचा हा खेळ ठरून गेला.

तारखा पुष्कळ पडल्या. बापाच्या नावाचं समन्स निघायचं आणि बेलीफ परत यायचा, कारण माणूस दर्यात. असं करता करता दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात मला त्या कागदांतलं सगळं कळत गेलं, कारण ते सगळे माझ्याच हातून जात होते. मुलीच्या दोन्ही कानांना यंत्रं लावली तर तिला बरंच ऐकू येईल, असं कोल्हापूरच्या डॉक्टरनी लिहून दिलेलं होतं. बोलायला शिकायचं वय निघून चाललंय, उशीर करू नका, असंही त्याच कागदावर होतं. यंत्रं महाग. वर त्यांचे सेल, कोल्हापूरच्या खेपा, आणि रोज बसवून बोलायला शिकवणारी शाळा. हे पाचशेत बसायचा प्रश्नच नव्हता. पाचशेचा निकाल लागला तर पोर जन्मभर मुकी राहणार, इतकं ते साधं होतं.

आईचा वकील अगदी नवा, सनद मिळून वर्ष-दीड वर्ष झालेला. कोट थोरल्या भावाचा असावा, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. तो बंदरावरच्याच घरातला, बापानं जाळी विणून त्याला शिकवलेलं. तो साहेबांना परोपरीनं सांगायचा की नेहमीचा आकडा नेहमीच्या गरजेसाठी असतो, या मुलीची गरज वेगळी आहे, तेव्हा कोर्टाला तो आकडा सोडता येतो. समोर बापाचे वकील होते, केस पिकलेले, जिल्ह्यात नाव असलेले. ते शांतपणे म्हणायचे की गरज सगळ्यांनाच असते, पण देणाऱ्याकडे असायला नको का. आणि घोडं तिथेच अडलं होतं.

बापानं लिहून दिलं होतं की तो दुसऱ्याच्या होडीवर साधा खलाशी आहे. आमच्याकडे होडीवर पगार नसतो. मासळी विकली की डिझेल, बर्फ, शिधा वजा करतात, मालकाचा भाग काढतात आणि उरलेल्याचे वाटे पडतात. खलाशाला एक वाटा, होडी चालवणाऱ्या तांडेलाला दोन. हे कुठे लिहिलेलं नसतं, पावती नसते. मालक बापाच्याच नात्यातला, तो कशाला साक्षीला येतोय. एक वाटा म्हटला की माणूस मजूर ठरला, आणि मजूर ठरला की पाचशे.

त्याचा उलटतपास आला तो नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता तेव्हा. उंच, काळासावळा, हाताला जाळ्याच्या दोरीचे घट्टे. पांढरा शर्ट घालून पिंजऱ्यात ताठ उभा राहिला. मुलगी माझ्या टेबलाशी होती. त्यानं एकदाच तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मला तो माणूस मुळीच आवडला नाही.

नव्या वकिलानं डिझेलचं विचारलं, बर्फाचं विचारलं, लिलावाचं विचारलं. प्रत्येकाला उत्तर एकच, मला ठाऊक नाही, मी साधा खलाशी. तो पोरगा कागद पुन्हा पुन्हा चाळायला लागला. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, आणि साहेब घड्याळाकडे बघत नसत. माझी पाचावर धारण बसली. खरं तर मी त्या मुलीची कोणीच लागत नव्हते. आता हा पोरगा खाली बसणार, असं वाटत असताना त्यानं कागद मिटले आणि सहज बोलावं तसं विचारलं की यंदा तुमच्या होडीवरून दर्याला नारळ सोडला तो जेवण शिजवणाऱ्यानं, हे खरं आहे ना.

पिंजऱ्यातल्या माणसाचा चेहरा एकदम बदलला.

"कुणी? त्या भात रांधणाऱ्यानं? मी नाळीवर, होडीच्या तोंडाशी उभा असताना?"

जेवण शिजवणाऱ्यानंच सोडला, असं माझं म्हणणं आहे, वकील शांतपणे म्हणाला.

"सात वरसं नारळ माज्या हातून जातोय. सगल्या बंदराला इचारा जावन."

साहेबांना यातलं काही कळेना. त्यांनी आपल्या पद्धतीनं त्यालाच विचारलं की नारळ कोणी सोडला याला एवढं महत्त्व कशाला. आणि तो माणूस, ज्याला गप्प बसायला त्याच्या वकिलानं महिनाभर पढवलं असणार, साहेबांकडे वळून अभिमानानं त्यांना समजावून सांगायला लागला.

"तांडेलाबिगर नारळाला कुणी हात लावीत नाय, सायेब. तो मान असतो."

पिकल्या केसांचे वकील चष्मा काढून पुसायला लागले. साहेब पुढे झुकले आणि म्हणाले, "म्हणजे या होडीचे तांडेल तुम्ही."

त्यानं मागच्या बाकांकडे बघितलं. आता नाही म्हणायचं तर सात वर्षांचा नारळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बंदरावरची निम्मी माणसं मागे बाकांवर बसून ऐकत होती. "व्हय," तो म्हणाला. वाटे किती, असं साहेबांनी विचारल्यावर खाली बघून म्हणाला, दोन.

'मी सदर होडीचा तांडेल आहे व मला दोन वाटे मिळतात.' हे वाक्य मी असं टाइप केलं की कागदाला भोकं पडायची बाकी राहिली. उठून टाळी वाजवावी असं मला वाटत होतं. सरकारी नोकरी होती म्हणून वाजवली नाही.

पण खाली उतरता उतरता तो थांबला आणि आपणहून म्हणाला की पावसात होडी वर ओढलेली असते, तेव्हा एक वाटा नाही आणि दोन वाटे नाहीत, जाळी शिवत बसावं लागतं, ते महिने त्यानं कुठून आणायचं. मी त्याच्यावर चिडले होते, पण हे खोटं म्हणता येत नव्हतं. आमच्या मांडवीच्या खिडकीतून मी दर पावसाळ्यात माडाच्या झापांनी शाकारलेल्या होड्या बघतच होते. साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं.

आता लाजेची गोष्ट. निकालाच्या आदल्या दिवशी मी पान टाइप करून ठेवलं. एवढं सगळं ऐकून, त्या पोरीसाठी जीव टांगणीला लागलेला असून, माझ्याच हातांनी मी लिहिलं: अज्ञान मुलीस दरमहा रुपये पाचशे, आदेशाच्या तारखेपासून. आशा धरायची आणि तोंडघशी पडायचं, त्यापेक्षा पान तयार असलेलं बरं, असा माझा हिशेब. पान खणात सरकवलं आणि खण जरा जोरातच लावला.

दुसऱ्या दिवशी साहेब आपल्या खोलीत निकाल सांगायला बसले. अर्ज काय, उत्तर काय, पुरावा काय, हे सगळं सांगून झालं. शेवट आला. मी वही मिटली, पेन्सिल कानाला लावली आणि ते दोन शब्द ऐकायची वाट बघत बसले. ते आलेच नाहीत. साहेब खिडकीपाशी गेले आणि त्यांनी विचारलं की तुम्ही मांडवीला राहता, तर होड्या पाण्यात कधी जातात.

"नारळी पौर्णिमेनंतर, साहेब. वर येतात मे संपताना."

ते आपल्याशीच मान हलवत राहिले. मग म्हणाले, "वही उघडा."

मी वही उघडली. साहेब एकेक शब्द तोलून सांगू लागले. सारख्या गरजेच्या मुलांना सारखी रक्कम देणं सोयीचं आहे, पण ती सोय आहे, कायदा नव्हे. या मुलीची गरज इतर मुलांसारखी नाही. बापाची मिळकत बारा महिने सारखी नाही. सबब नेहमीची रक्कम दोन्ही बाजूंनी येथे लागू करता येत नाही. होड्या चालू असतील त्या महिन्यांत मुलीला दरमहा तीन हजार. होड्या वर असतील त्या महिन्यांत पाचशे. बाईचं वेगळं होतं, तेही वाढलेलं. चार वर्षांत मी पोटगीत असा परिच्छेद लिहिला नव्हता, कोणी लिहिल्याचं ऐकलंही नव्हतं.

"सदर रक्कम अर्जाच्या तारखेपासून देय राहील," साहेब म्हणाले, आणि माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

आदेशाच्या तारखेपासून म्हणायचंय का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा कानावर विश्वास बसेना.

"अर्जाच्या," साहेब म्हणाले. "दीड वर्ष ती मुलगी काही थांबली नव्हती."

माझ्या डोक्यात आकडे नुसते नाचायला लागले. दीड वर्षाची मागची बाकी, त्यातले दोन पावसाळे वजा. त्यात दोन्ही कानांची यंत्रं येत होती. वर सेलचे पैसे उरत होते. मी बाहेर आले, खण उघडला, ते पान काढलं आणि चार तुकडे करून टोपलीत टाकलं. मग नवं पान टाइप करायला बसले आणि आयुष्यात केल्या नसतील एवढ्या चुका केल्या. तीन कागद फुकट गेले. ज्या वेगाचा मला अभिमान होता तो कुठे गेला कोण जाणे, बोटंच ऐकत नव्हती.

निकाल वाचून झाला तेव्हा आईला काही उमगलं नाही. ती वकिलाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं हातानं दोन्ही कान दाखवले तेव्हा तिला कळलं आणि ती तिथेच बाकावर बसून रडायला लागली. तो पोरगाही त्या मोठ्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता. मुलगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

बाप मात्र नक्कल मागायला माझ्या टेबलाशी आला. मी मनातल्या मनात चार खणखणीत वाक्यं तयार ठेवली होती. पावसाचं धरलंन सायबांनी, एवढं तो म्हणाला. मग मशीनकडे बघत, हळूच:

"यंत्रं लावल्यावर माजा आवाज येल काय हो तिला?"

माझी चारही वाक्यं जागच्या जागी राहिली. "येईल," मी म्हटलं. "पण जवळ जाऊन बोलायला लागेल."

त्यानं मान हलवली. पैसे त्यानं एकदम भरले नाहीत, कोणीच भरत नाही. पण त्या मोसमात दोन-तीन हप्ते कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझरकडे जमा झाले. दर वेळी तो स्वतः यायचा.

शिमग्यानंतर आमच्या कोर्टात कॉम्प्युटर आला. निकालांचे नमुने त्यात भरून ठेवा, असं मला सांगण्यात आलं. पोटगीचा नमुना मीच भरला. आकड्याच्या जागी टिंबं ठेवली आणि तारखेच्या जागीही टिंबं. त्यात पाचशे भरून टाका, वेळ वाचेल, असं एक जण म्हणाला, तर मी त्याच्यावर अशी उसळले की तो पुन्हा माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

जुनं मशीन कोपऱ्यातल्या टेबलावर मेणकापडाखाली गेलं. मे महिन्यात एका सकाळी मायलेकी हप्त्याचे पैसे न्यायला आल्या. मुलीच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती आणि त्यांच्या नळ्या रिबिनीत अडकू नयेत म्हणून वेण्या वर बांधल्या होत्या. ती थेट माझ्याकडे आली, कॉम्प्युटरच्या टेबलावर पंजे टेकले, आणि काहीच थरथरेना म्हणून गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी उठले. मेणकापड ओढून काढलं, कागद चढवला. ती लगबगीनं आली आणि तिनं नेहमीसारखे दोन्ही हात टेबलावर पसरले. मी 'क' बडवायला सुरुवात केली. चार अक्षरं झाली, पाच झाली. तिनं कपाळाला आठी घातली, हात टेबलावरून उचलले आणि हवेत तसेच धरले. मी थांबले नाही. ओळीच्या टोकाला घंटा वाजली, आणि तिनं मान वळवून घंटेकडे बघितलं.